एका लाल शब्दावरचा हरताळ

आबाशास्त्री वैद्य यांच्या बालरोगांवरील पोथीतून एक शब्द काढण्याचे काम माघात सुरू झाले आणि वैशाखात थांबले. शब्द 'अनुभूत' हा होता. तो लाल शाईत लिहिलेला होता. काम सुरू झाले तेव्हा पोथीच्या सात प्रती बाहेर गेल्या होत्या.

सातही प्रती पुण्यात, कसब्यातल्या आमच्या लेखनशाळेत तयार झाल्या. मी तिथे शोधक होतो. आता नाही. डोळ्यांना बारीक अक्षर दिसेनासे झाले तेव्हा मी ते काम सोडले. तरी खंडेनवमीला जातो. त्या दिवशी लेखण्या पूजेत मांडतात, कोणी लिहीत नाही, आणि मोकळ्या हातांनी बसलेली माणसे बोलत राहतात. गेल्या खंडेनवमीला नव्या लेखकांनी मला या शब्दाची हकिकत विचारली. प्रत्येकाने ती वेगवेगळी ऐकली होती. म्हणून दसरा झाल्यावर लिहायला बसलो.

बाहेरच्या माणसासाठी धंदा थोडा सांगावा लागेल. ग्रंथ रचतो त्याला आम्ही ग्रंथकार म्हणतो. लेखक म्हणजे त्याची नक्कल करणारा. नक्कल मुळाशी ताडून पाहतो तो शोधक. ताडायला दोघे लागतात. एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचतो, दुसरा नव्या प्रतीवर बोट ठेवून ऐकतो. चूक सापडली की तिथे हरताळ लावायचा. हरताळ ही खाणीतली पिवळी पूड. ती डिंकाच्या पाण्यात खलून कुंचल्याने लावतात. वाळली की खालचे अक्षर दिसत नाही आणि वर नवे लिहिता येते. ती विषारी असते. तिची वाटी पिण्याच्या पाण्याजवळ ठेवत नाहीत, आणि काम उरकल्यावर हात राखेने घासून धुतात.

शोधकाला एक मर्यादा आहे. त्याने लेखकाची चूक सुधारावी, ग्रंथकाराची नाही. ग्रंथकार चुकला असे वाटले तर समासात बारीक खूण करावी आणि त्याला विचारावे. तो हयात नसेल तर खूण करून गप्प बसावे. ही मर्यादा नसती तर प्रत्येक पोथी शोधकाच्या अकलेएवढीच राहिली असती.

माझ्यासाठी वाचणारा गोविंदभट. पुण्यातला, जिभेने तिखट, आवाजाने मऊ. दुपारी खिडकीतून ऊन आत येई, जुन्नरी कागदाला खळीचा वास असे, आणि त्याचा आवाज एका पट्टीत चालू राही. त्या आवाजात शाळा अर्धवट निजल्यासारखी होई. बोरू चालत, माणसे मात्र कुठेतरी दुसरीकडे असत. मलाही पुष्कळदा वाटे की मी झोपलो आहे आणि बोट तेवढे जागे आहे. चुकीपाशी ते आपोआप थांबे. मग गोविंदभट म्हणे, "पंत, उठा. चूक आली."

त्याआधी मी एका सरदारांच्या कचेरीत बातमीपत्रे लिहीत होतो. तिथे माझे वरिष्ठ एक वृद्ध कारकून होते. त्यांनी मला पहिल्या दिवशी कागदाच्या मधोमध आडवी रेघ मारून दाखवली. "पाहिलंत ते रेघेवर लिहा. ऐकलंत ते रेघेखाली. फौज निघालेली डोळ्यांनी पाहिली नसेल तर ती रेघेखालून निघेल. धनी विचारतील, खाली का? सांगायचं, धूळ दिसली, माणसं दिसली नाहीत." पोथ्यांच्या कामात रेघ मारत नाहीत, पण ती माझ्या हातातून गेली नाही. या लिहिण्यातही ती पुढे एका ठिकाणी येईल.

गिऱ्हाइके तऱ्हेतऱ्हेची येत. शुक्रवारातल्या एका सावकारांनी पुराणाची पोथी करवून घेतली आणि ती उघडताच त्यांचा चेहरा उतरला.

"अहो, हे काय? जागोजागी पिवळे डाग!"

"डाग नव्हेत," गोविंदभट म्हणाला. "आमच्या चुका आहेत."

"मग मला बिनचूक का नाही दिलीत?"

"दिली आहे. बिनचूक पोथी अशीच दिसते. जिच्यात एकही पिवळा ठिपका नाही ती पोथी कोणी तपासलेली नसते. तशी हवी असेल तर उद्या देतो, कष्ट कमी आहेत."

सावकार पोथी घेऊन गेले. पुढे त्यांच्याकडे पाहुणे आले की ते पिवळे ठिपके बोटाने दाखवत, असे त्यांच्या जावयाने सांगितले.

दुसरे एक गृहस्थ नारायण पेठेतले. त्यांना ज्योतिषावरचा एक जुना ग्रंथ नकलून हवा होता, फक्त शेवटी ग्रंथकाराच्या जागी आपल्या कैलासवासी वडिलांचे नाव. वडील विद्वान होते, सारे आयुष्य तोच ग्रंथ शिकवण्यात गेले, तेव्हा तो त्यांचाच म्हटला तर बिघडले काय, असे त्यांचे म्हणणे.

गोविंदभट म्हणाला, "वडिलांचं नाव ग्रंथावर हवं होतं, तर वडिलांना लिहायला सांगायचं."

"आपण पुण्याचे ना?"

"हो. आणि हे काम होणार नाही."

ते काम दुसऱ्या एका शाळेत झाले. पोथी सुबक उतरली. ती आजही त्या वडिलांच्या नावाने वाचली जाते, आणि मूळ ग्रंथकाराचे नाव विचारले तर आता पेठेत फार थोड्यांना सांगता येईल. आम्ही नाही म्हटले, एवढेच आमच्याकडून झाले.

आबाशास्त्री यांचा प्रकार वेगळा. त्यांच्याविषयी कोणी वाईट बोलल्याचे मी ऐकले नाही. कसब्यातली निम्मी मुले त्यांच्या हाताखालून वाढलेली. आवाज बारीक, बोलणे सावकाश, अंगाला नेहमी ज्येष्ठमधाचा आणि हिरड्याचा वास. सत्तरीला आले तेव्हा शिष्यांच्या आग्रहावरून त्यांनी पोथी रचली. मुलांचे ताप, खोकले, जंत, आणि त्यावरची औषधे.

वैद्यांच्या पोथ्यांत एक चाल आहे. जे औषध ग्रंथकाराने स्वतः दिले आणि ज्याचा गुण स्वतः पाहिला, त्यापुढे तो हिंगुळाच्या लाल शाईत 'अनुभूत' लिहितो. जे नुसते वाचले किंवा ऐकले त्यापुढे काही लिहीत नाही. लांबच्या गावातल्या वैद्याला ग्रंथकार भेटत नाही. तो पोथी उघडतो, लाल शब्द शोधतो आणि त्याच्या भरवशावर औषध उगाळतो. आबाशास्त्री यांच्या पोथीत लाल शब्द पुष्कळ होते. म्हणूनच तिला मागणी आली.

सात प्रती गेल्या. सातही मी ताडल्या. मूळ आणि नक्कल यांत फरक नव्हता.

माघात आठवी प्रत चालू होती. शास्त्रीबुवा त्या दिवशी पाने पाहायला आले होते आणि भिंतीला टेकून ऐकत बसले होते. दुपारी लोणी काळभोरहून मल्हारभट आले. हे शास्त्रीबुवांचे जुने शिष्य, लोणीचे वैद्य, सातांपैकी एका प्रतीचे मालक. आधी गुरूंच्या घरी गेले होते, तिथे कळले म्हणून इकडे आले. नमस्कार करून दाराशीच बसले.

"वर ये की," शास्त्रीबुवा म्हणाले.

"पाय धुळीचे आहेत, गुरुजी. एक विचारून जातो. माझं कुठे चुकलं ते कळेना."

त्यांच्या मुलीला, ठकीला, ताप आला होता. पोथीत तापावरची एक गुटी आहे, जायफळ आणि अफूची. पुढे लाल शब्द आहे. त्यांनी ती लिहिलेल्या मापाने दिली. ठकी सकाळी झोपली. दिवस गेला, रात्र गेली, ती उठली नाही. हाका मारल्या, तळपायांना सुंठ चोळली. श्वास इतका मंद की आईने नाकाशी कापूस धरून पाहिला. दुसऱ्या दिवशी उन्हे उतरताना मुलीने डोळे उघडले आणि पाणी मागितले.

"आता बरी आहे. खेळते," मल्हारभट म्हणाले. "पण गावात आणखी पोरं तापली आहेत. लोक दारात बसून आहेत. गुटी द्यायची तर आहेच. मला फक्त खूण सांगा, गुरुजी. घाम आधी यायला हवा की झोप? माझं तेवढंच हुकलं असणार."

गोविंदभट वाचायचा थांबला. एकेक करून बोरू थांबले. बोरूंना आवाज असतो हे ते थांबल्यावर कळते.

"मला माहीत नाही," शास्त्रीबुवा म्हणाले.

"म्हणजे मुलामुलागणिक वेगळं?"

"तसं नव्हे. मी ती गुटी कोणाला दिलेली नाही."

मल्हारभट हसले. गुरुजी शिकवताना असे उलटसुलट बोलून शिष्याची परीक्षा पाहत, तसेच काही असेल असे त्यांना वाटले असावे. "गुरुजी, त्याच्यापुढे लाल आहे."

"आहे. मीच घातलंय."

मग त्यांनी सांगितले ते असे. गुटी त्यांच्या गुरूंची. गुरूंनी अखेरच्या आजारात ती त्यांच्या कानात सांगितली. पुढे अशा तापाचे मूल आले की शास्त्रीबुवा आपली नेहमीची औषधे देत, गुण येई, आणि गुटी तशीच राही. पोथी लिहिताना तिच्यापाशी ते थांबले. पुढे काही लिहिले नाही तर वाचणारा म्हणेल, शिष्याला गुरूच्या औषधाचा भरवसा नाही.

"माझ्या डोळ्यांपेक्षा त्यांचा शब्द मोठा," शास्त्रीबुवा म्हणाले. "तेव्हा मनात आलं ते हे. मल्हारी, तूही तेच केलंस. पोर उठेना, तरी माझा शब्द खोटा असेल असं तुला वाटलं नाही."

मल्हारभटांनी मान खाली घातली.

"तुझं काही हुकलं नाही. लिहिलं होतं तसं दिलंस. ती गुटी आता कोणाला देऊ नको. गुळवेल दे. तापाला त्याच्या चालीनं उतरू दे. हे मी दिलेलं आहे. हे पाहिलेलं आहे."

गोविंदभट म्हणाला, "म्हणजे शास्त्रीबुवा, आमच्या सातही प्रती बिनचूक निघाल्या."

"हो ना," शास्त्रीबुवा म्हणाले. "तेच तर झालं."

मल्हारभट उजेड असतानाच लोणीला परत निघाले. त्या तापात त्यांनी ती गुटी कोणाला दिली नाही. ही गोष्ट मी नंतर लोणीत चार घरी विचारली आणि सगळीकडे तेच सांगण्यात आले.

शब्द काढायचा हे ठरले. त्या जागी काय लिहायचे, यावर बोलणे झाले. गोविंदभटाने 'श्रुत' सुचवला. शास्त्रीबुवा म्हणाले, गावोगावचे लोक वाचणार, साधे असावे. मी 'ऐकलेले' सुचवले. 'अनुभूत'च्या जागेत चार अक्षरे मावत होती, 'ऐकलेले'चीही चारच. ते काळ्या शाईत लिहायचे आणि समासात 'झोप फार येते, मुलांना देऊ नये' अशी सूचना घालायची. ग्रंथकाराने स्वतः सांगितले असल्याने माझी मर्यादा आड येत नव्हती.

"पोथ्या मागवून घेऊ," मी म्हटले.

"मागवायच्या कशाला? मी जातो. हरताळ तुमचा, पण शब्द माझा आहे."

मी काशाच्या वाटीत हरताळ घेतला, वर फडके बांधले आणि त्यांच्याबरोबर निघालो.

पाच प्रती शहरातच होत्या. घरोघरी तोच क्रम झाला. शास्त्रीबुवा ओटीवर बसत, पोथी सोडवली जाई, ते स्वतः पान काढून देत आणि मालकाला सांगत, "हे मी दिलेलं नव्हतं. ऐकलेलं होतं." मी हरताळ लावी. तो वाळत असताना मला दर वेळी वाटे की आपण याच ओटीवर पूर्वी कधीतरी बसलो होतो, हेच ऊन होते आणि हाच म्हातारा माझ्या हाताकडे असाच पाहत होता.

नारायण पेठेतला मालक तरुण वैद्य होता. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "मी ही कधी दिलीच नाही. पोरांना निजवणारं औषध मला पटत नाही."

"मग मला का नाही सांगितलंस?" शास्त्रीबुवांनी विचारले.

"आपण लाल लिहिलं होतं. आपल्याला मी काय सांगणार?"

शास्त्रीबुवा म्हणाले, "सांगायचं होतंस रे." बाहेर आल्यावर ते वाटेत एकदा थांबले. मला वाटले दम लागला. ते म्हणाले, "असे किती जण असतील?"

सहावी प्रत लोणीची. फाल्गुन लागला होता. आम्ही बैलगाडीतून निघालो. वाटेच्या दोन्ही बाजूंनी करडई फुललेली, आणि गाडी इतकी सावकाश की शेते पुढून येत आहेत की मागे जात आहेत ते कळेनासे व्हावे. वाटी मी मांडीत धरली होती. डोळे मिटले तरी पिवळे दिसे, उघडले तरी पिवळे. शास्त्रीबुवा बसल्या जागी झोपले होते आणि झोपेत त्यांचे ओठ हलत होते. बोलणे ऐकू येत नव्हते.

लोणीत मल्हारभटांच्या अंगणात गाव जमला. मी फडके सोडले तसा एक शेतकरी पुढे वाकला.

"पोथीला हळद लावताय व्हय, बाबा?"

"हळद नव्हे. हरताळ."

"मला वाटलं पोथीचं लगीन हाय. नवरदेव कोन हाय म्हनून बघाया आलो."

"नवरदेव ह्ये म्हातारबाबा दिसत्यात," दुसरा म्हणाला. "तोंड बघ की, येवढं गंभीर दुसरं कोन बसतंय?"

सगळे हसले. शास्त्रीबुवाही हसले. तेवढ्यात ठकी आली. परकर नेसलेली, केस विस्कटलेले, हातात काकडी. तिने वाटीकडे बोट नेले. तिच्या बापाने आणि शास्त्रीबुवांनी एकाच वेळी तिचा हात धरला.

"हात लावू नको, बाळ. विष आहे ते."

"मग पोथीला का लावता?"

शास्त्रीबुवांनी तिला जवळ बसवून तिची नाडी पाहिली, जीभ पाहिली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. हरताळ वाळून शब्द लिहून होईपर्यंत त्यांनी तिचा हात सोडला नाही. मुलगी कंटाळून त्यांच्या मांडीवर झोपी गेली. ते पाहताच मल्हारभटांची बायको स्वयंपाकघरातून लगबगीने आली आणि तिने मुलीला हलवून उठवले. मुलगी रडली. आई आत निघून गेली.

सातवी प्रत वाघोलीची. तिचे मालक येसाजीराव, उतारवयाचे शिलेदार. ते वैद्य नव्हते. त्यांचा नातू आबाशास्त्री यांच्या औषधाने वाचला होता, तेव्हापासून शास्त्रीबुवांवर त्यांची भक्ती. पोथी त्यांनी देव्हाऱ्यात ठेवली होती. त्यांनी आमचे पाय धुतले, आसने दिली, आणि काम सांगताच उभे राहिले.

"नाही, शास्त्रीबुवा. हे होणार नाही."

"शब्द माझा आहे, येसाजीराव."

"होता. आता तो माझ्या देव्हाऱ्यात आहे. आपण लिहिलंत तेव्हा आपली बुद्धी शाबूत होती. आता वय झालं, कोणीतरी मनात भरवलं. उद्या म्हणाल, माझा नातू जगला तेही खोटं."

"तो माझ्या हातानं जगला. ते मी पाहिलं आहे."

"मग झालं तर."

शास्त्रीबुवा उठले, अंगणातून बाहेर गेले आणि दारासमोर मातीत बसले. मला वाटले उन्हात चक्कर आली. ती चक्कर नव्हती. त्यांनी धरणे धरले होते. धरणे धरतो तो माणूस आपले येणे असेल त्याच्या दारात अन्नपाणी सोडून बसतो. तो बसला आहे तोवर त्या घरात कोणी जेवत नाही. घेणेकऱ्यांना धरणे धरताना मी बातमीपत्रांच्या दिवसांत पाहिले होते. स्वतः लिहिलेला शब्द परत मागण्यासाठी कोणी बसल्याचे पाहिले नव्हते.

येसाजीराव ओसरीत येरझारा घालत राहिले. नातवाला कोणीतरी आत बोलावून घेतले. गल्लीत माणसे जमली आणि उभीच राहिली. ऊन भिंतीवरून सरकत गेले. शास्त्रीबुवांची सावली लांब होत दाराच्या उंबऱ्याला लागली. येसाजीराव उंबऱ्यापर्यंत येत, सावली पाहत आणि तिच्यावर पाय न देता मागे फिरत.

शेवटी आतून त्यांच्या आईचा आवाज आला. बाई फार म्हाताऱ्या होत्या. त्या मला दिसल्या नाहीत.

"येसा, चूल इजाया आली. दे त्या बामनाला त्याचा शबुद."

"आई, तुला ठावं नाही..."

"मला येवढं ठावं हाय. माझ्या दारात वैद मेला तर माझी लेकरं कोन बघंल?"

येसाजीराव देव्हाऱ्यातून पोथी घेऊन आले. रेशमी कापडात होती. ती माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, "लावा. मी बघणार नाही." आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी हरताळ लावला. वाळल्यावर शब्द लिहिला. शास्त्रीबुवांनी पान पाहिले, पाणी घेतले, आणि मग विचारले, "ही आणखी कोणाला दाखवलीत?"

येसाजीराव भिंतीकडे पाहतच म्हणाले, "मार्गशीर्षात एक गोसावी धर्मशाळेत उतरला होता. औषधं देत फिरतो. त्यानं लाल तेवढी उतरवून घेतली."

"नाव?"

"विचारलं नाही. नगरच्या वाटेनं गेला. उन्हाळा सरायच्या आत याच वाटेनं परत येईन म्हणाला होता."

धर्मशाळा गावाबाहेर, वाटेला लागून. आम्ही तिथे गेलो. शास्त्रीबुवा ओट्यावर बसले आणि नगरकडून येणारी वाट पाहू लागले. बैल येत होते, माणसे येत होती, धुळीत त्यांचे पाय दिसत नव्हते आणि ती सगळी जमिनीपासून थोडी वर तरंगत आल्यासारखी वाटत होती. शास्त्रीबुवा म्हणाले, "पंत, आपण पुढे व्हा. शाळेत काम असेल. वाटी तेवढी ठेवून जा."

"आपण?"

"मी बसतो. येईल तो."

"लावायचा कसा, ठाऊक आहे ना?"

"तुम्ही लावत होता तेव्हा मी दुसरं काय पाहत होतो?"

मी हरताळ नव्याने खलून वाटी काठोकाठ भरली, कुंचला वर ठेवला आणि पुण्याला आलो. आठवी प्रत पूर्ण झाली. तिच्यात गुटीपुढे पहिल्यापासूनच 'ऐकलेले' आहे. शास्त्रीबुवांनी शिष्यांकरवी निरोप धाडला म्हणून मूळ प्रतही सुधारली.

इथे मी रेघ मारतो. यापुढचे ऐकलेले.

गाडीवान सांगत की शास्त्रीबुवा धर्मशाळेच्या ओट्यावर असतात आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारतात, जवळ औषधांचे कागद आहेत का. प्रथम लोक हसले. मग मुले दाखवायला आणू लागले. येसाजीरावांच्या घरून त्यांचे जेवण येई. त्यांच्या नातवाला शास्त्रीबुवांनी गुळवेल ओळखायला शिकवली. चैत्रात एक गोसावी आला, पण त्याच्याजवळ कागद नव्हते, भस्म होते. कोणी म्हणाले, ज्याची वाट पाहत आहेत तो गोदावरीपलीकडे गेला. कोणी म्हणाले, त्याने थंडीत कागद शेकोटीत घातले. एका वाण्याने सांगितले की शास्त्रीबुवा बसल्या जागी झोपलेले असतात, पण वाटेवर पाऊल वाजले की डोळे न उघडता विचारतात, "कोण आहे? कागद आहेत का?"

वैशाखात आबाशास्त्री धर्मशाळेत वारले. तेव्हा मल्हारभट त्यांच्याजवळ होते. त्यांनी ते मला सांगितले.

रेघेवर घेण्यासारखे एकच आहे. मल्हारभट वाघोलीहून येताना शाळेत आले आणि त्यांनी वाटी माझ्यापुढे ठेवली. मी फडके सोडले. कुंचला कोरडा होता. हरताळ वाळून भेगाळला होता आणि त्यात कुंचला बुडवल्याची खूण कुठेही नव्हती.